एका कानानं ऐकलेली खोली

अरुणदादा गेल्याचा फोन मीनावहिनींनीच केला. मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. "सुनंदा, हे झोपेतच गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. शाळा राहिली, मी तशीच त्यांच्याकडे धावले. आता महिना उलटून गेलाय. रडू ओसरलंय, आणि नवल असं की दादा आठवला की आधी हसूच येतं.

दादा माझा सख्खा भाऊ नव्हे, आम्ही इंदिरानगरला एकाच कॉलनीत राहणारे. त्याच्या घरामागच्या खोलीत छोटा स्टुडिओ होता. भजनी मंडळं, शाळा, हौशी गायक तिथं गाणी ध्वनिमुद्रित करायला येत. मी शाळेत संगीत शिकवते, सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे मिक्सिंग शिकायला जायचे. म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले आवाज एका गाण्यात नीट बसवायचं काम. त्यातही त्याचा खरा जीव रिव्हर्बवर. बंद खोलीत घेतलेला कोरडा आवाज एखाद्या मोठ्या दालनात घुमल्यासारखा करणारं, संगणकातलं ते साधन. दादा सांगायचा, "लोकांना रिव्हर्ब कळला तर आपण चुकलो. त्यांना खोली कळली पाहिजे."

आणि अशा माणसाचा डावा कान गेला. एके दिवशी उठला तो एका बाजूला सामसूम घेऊनच. औषधोपचार झाले, पण ऐकू येणं परतलं नाही. त्यानं स्पीकरवर चादर टाकली आणि खोलीला कुलूप लावलं. मी समजूत घालायला गेले, तर शांतपणे म्हणाला, "स्टिरिओ म्हणजे डावं-उजवं. माझ्याकडं आता उजवंच उरलंय. राहू दे."

काही महिन्यांनी देवळाली कॅम्पच्या दोघी बहिणी आल्या, शालिनीताई आणि कुंदाताई. वडिलांनी रचलेली भीमगीतं त्या लहानपणापासून जोडीनं गात आलेल्या. वडील थकले होते, त्यांच्या कानावर ती गाणी एकदा नीट पडावीत एवढीच दोघींची इच्छा. वहिनींनी मला किल्ली दिली. गाणी मी ध्वनिमुद्रित केली, शालिनीताईंना डावीकडे आणि कुंदाताईंना उजवीकडे ठेवलं, वरून छानसा रिव्हर्ब दिला. दोघींनी ऐकलं. शालिनीताई जरा संकोचून म्हणाल्या, "मॅडम, चांगलं झालंय. पण गाताना कुंदा माझ्या शेजारी असती. यात आम्ही दोघी एकमेकींत मिसळून गेल्यासारखं वाटतंय."

मला काही उमगेना. दादाला म्हटलं, "काम करू नकोस, नुसतं ऐक." तो आला, खुर्चीत बसला. "मूळ आवाज बंद कर. फक्त घुमण, रिव्हर्बचा आवाज, तेवढी ठेव, तीही एकट्या शालिनीताईंची." मी तसं केलं. त्यानं चांगला कान आधी एका स्पीकरकडे केला, मग खुर्ची गर्रकन फिरवून दुसऱ्याकडे. पुन्हा एकदा तसंच. मग हसला... कित्येक महिन्यांनी.

"बाई डावीकडं गातेय आणि घुमण दोन्हीकडून सारखीच येतेय. हा रिव्हर्ब आधी डावं-उजवं एकत्र कालवतो आणि मग पसरवतो. कोण कुठं बसलंय, हे त्याला माहीतच नाही."

मी संगणकातला दुसऱ्या जातीचा रिव्हर्ब लावला. पुन्हा खुर्ची फिरली. "यात उजवीकडं काहीच नाही. यानं दोघींच्या मधे भिंत घातली. दोघी शेजारी-शेजारी, पण वेगवेगळ्या खोल्यांत."

तिसरा रिव्हर्ब मात्र तो बराच वेळ ऐकत राहिला. डावीकडून घुमण आधी आणि ठसठशीत येत होती, उजवीकडून किंचित मागाहून, मंद. खऱ्या खोलीत समोरच्या भिंतीवरून यावी तशी. "हां," तो म्हणाला, "आता एक खोली आहे आणि त्यात दोन माणसं आहेत." दोन कान असून मी जे ऐकलं नव्हतं, ते खुर्ची फिरवून त्यानं शोधलं, कारण त्याला आता प्रत्येक बाजू वेगळी ऐकावीच लागत होती.

बहिणी पुन्हा आल्या. गाणं संपल्यावर कुंदाताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाबांना आज रात्रीच्या जेवणाआधीच ऐकवते." वडिलांनी ते ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, असं नंतर कळवलंही.

स्पीकरवरची चादर वहिनींनी धुऊन कपाटात ठेवली ती ठेवलीच. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघांनी मिळून काम केलं. "डावी बाजू सुनंदाची," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या ऐटीत सांगायचा. तेवढ्या सुखात मी फार कमी माणसं पाहिलीत.

परवा वहिनींनी खोली उघडून दिली. एका शाळेच्या हॉलमध्ये जाऊन आम्ही दोघांनी घेतलेलं मुलांचं समूहगान अर्धवट राहिलं होतं. मी सुरू केलं तशा वहिनी चहा घेऊन आल्या आणि कधी नव्हे ते दादाच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघं इथं काय करत होता, कधी नीट ऐकलंच नाही मी." त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं कपाटाकडे बोट केलं. "ही बारीक आवाजाची मुलगी खिडकीशी उभी होती का गं? तिच्यामागं मोकळं वाटतंय."

त्या बाजूला आमच्या खोलीत खिडकी नाही. पण शाळेच्या हॉलमध्ये होती, आणि ती मुलगी तिथंच उभी होती.

वहिनींना खोली कळली होती. मी त्या गाण्यात पुढं काहीच बदललं नाही. तसंच शाळेला पाठवून दिलं.