बिनतुपाचा भात

दादाला जपानला पाठवायचं नाही, हे आईने सांगलीहून गाडीत बसायच्या आधीच ठरवलं होतं. बंगळूरला आम्ही निघालो होतो ते त्याला तसं तोंडावर सांगायला. पत्रातून नाही म्हटलं की दादा ते पत्र सोयीपुरतंच वाचतो, असा तिचा अनुभव होता.

साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दादा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात होता. तिथे जपानी यंत्रं आली होती, यंत्रांमागोमाग जपानी इंजिनिअर आले होते, आणि आता चार-पाच निवडक पोरांना वर्षभर तिकडे शिकायला पाठवायचं घाटत होतं. त्यात दादा होता. सोमवारी होकार द्यायचा होता. दादा कारखान्यात पोलादाशी झुंजत असेल, पण आईच्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती. ती नाही म्हणाली असती तर तो मुकाट्याने राहिला असता आणि जन्मभर त्याबद्दल एक अक्षर बोलला नसता. मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मी नुकती मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आमच्या घरातल्या कुणीतरी समुद्र ओलांडावा असं मला फार वाटे. माझी पाळी येणार नव्हती हे दिसतच होतं, तेव्हा निदान दादाची तरी यावी.

आईचा प्रश्न एकच होता, तिथे हा खाणार काय? लहानपणी दादाला विषमज्वर झाला होता. वडील त्याआधीच गेलेले. त्या दुखण्यातून तो उठला तो आपल्या हातच्या मऊ भातावर आणि तुपावर, असं ती मानी, आणि डॉक्टरला त्यातलं चिमूटभरही श्रेय द्यायला तयार नसे. तेव्हापासून दादाच्या भातावर तूप पडल्याशिवाय ती स्वतः घास घेत नसे. या प्रवासातही ट्रंकेत आंबेमोहोराची पिशवी होती आणि मांडीवर तुपाचा फिरकीचा डबा. गाडीने रात्रभर आमची हाडं खिळखिळी केली, पण तो डबा काही हलला नाही.

दादा चामराजपेटेत एका जुन्या मराठी घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत असे. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचे पूर्वज शिवकाळात कधीतरी इकडे येऊन स्थिरावलेले, आणि त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं की आईला अर्धंच कळे. आईने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं घातलं तेव्हा त्या म्हणाल्या, "स्वल्प दिसाची तर गोष्ट, जाऊ दे की त्याला. सरी?" आईला ते मुळीच सरी, म्हणजे ठीक, वाटलं नाही. ती उठून भांडी घासायला लागली.

तेवढ्यात दादाने एक बातमी आणली. त्याला शिकवणाऱ्या जपानी साहेबांच्या बायको रविवारी जपानला जाणाऱ्या पोरांना आपल्या घरी बोलावून तिकडचं काहीबाही खायला करायला शिकवणार होत्या. स्वतःच्या हातांनी करायचं, नुसतं बघायचं नाही. पदार्थाचं नाव सुशी. आईने विचारलं, त्यात काय असतं? दादा खोटं बोलायला कच्चा. तो म्हणाला, भात असतो. आणखी काय असतं, असं तिने विचारल्यावर तो चपलेचा अंगठा बघत बसला. शेवटी मासा हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला, तोही बाईंनी आमच्यासाठी काकडी घालायचं कबूल केलंय या वाक्याला चिकटून.

मला वाटलं, संपलं सगळं. पण आई म्हणाली, मीपण येते. बघू तर दे काय खातात ते. तिने अटी मात्र घातल्या. भात आपल्या आंबेमोहोराचा, आपल्या पातेल्यात, आणि शिजवणार ती स्वतः. शिवाय ती तिथे काही खाणार नाही. दुसऱ्याच्या घरचा शिजलेला भात तिने सवाष्णपणीसुद्धा कधी खाल्ला नव्हता, आता तर प्रश्नच नव्हता. दादाने सगळं मान्य केलं. बसमध्ये तांदळाची पिशवी आणि तुपाचा डबा आईच्या मांडीवर, ते पातेलं माझ्या मांडीवर होतं, आणि समोरच्या बाकावरचा एक मुलगा सबंध वेळ त्याच्याकडे बघून हसत होता.

जपानी बाई आईच्याच वयाच्या होत्या. फिकट निळा झगा, वर पांढरं एप्रन, केस चापूनचोपून बसवलेले. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, ते दादा मराठीत करून सांगे. आमच्याशिवाय तिघे तरुण होते, तेही जाणारेच. टेबलावर काकडीच्या लांब फाका, लिंबं, साखर, बांबूच्या काड्यांच्या छोट्या चटया आणि काळ्या कागदासारखे चौकोन मांडलेले. ते चौकोन म्हणजे समुद्रातलं शेवाळ वाळवून केलेले, असं कळल्यावर आईने मनाशी बराच विचार केला आणि शेवाळ म्हणजे पाल्यातच जमा, असा निकाल दिला. बाईंचा जपानहून आणलेला शिरका संपला होता म्हणून त्या लिंबावर भागवत होत्या. हे ऐकल्यावर आईचा चेहरा जरा सैल पडला.

आईने स्टोव्हवर भात टाकला. आंबेमोहोराचा वास सुटला तशा बाई आतून धावत आल्या, पातेल्यावर वाकल्या, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. बंगळूरच्या तांदळाने त्यांना फार छळलं होतं म्हणे, कितीही शिजवला तरी दाणा दाण्याला धरत नव्हता. हा धरेल, असं त्या म्हणाल्या. आईने पदर खोचला.

चटया भिजवायला बाई आत गेल्या. बाकीचे बोलत होते. आईने भात उतरवला, परातीत काढला, आणि मी बघत असतानाच फिरकीचा डबा उघडून दोन सढळ चमचे तूप त्यावर सोडलं. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गरम भात आणि समोर दादा, मग दुसरं काय होणार होतं?

बाईंनी परत येऊन त्यात लिंबू, साखर, मीठ घातलं, मला पंखा दिला आणि वारा घालायला लावला. भात नुसता चमकत होता. मग त्यांनी शेवाळाच्या चौकोनावर तो पसरला, काकडी ठेवली, चटई गुंडाळून दाबली. चटई उघडली तर गुंडाळीच्या दोन्ही टोकांतून भात निवांत बाहेर येत होता. त्यांनी पुन्हा केलं. कापायला सुरी लावताच सगळं सुटून टेबलावर पडलं. तिन्ही तरुणांच्या चटयांवरही तेच. बाईंनी थोडा भात बोटांत घेऊन चोळला. मग त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं आणि नंतर आईकडे.

यात दादाने मराठीत करून सांगण्यासारखं काहीच नव्हतं. आईचा चेहरा पार उतरला. ती हळूच मला म्हणाली, "तुपाशिवाय भात कुणाला कसा द्यायचा गं?" मला इतकं वाईट वाटलं की मी पंखा खाली ठेवला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका वाटीत तो तुपाचा भात घेतला आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्ला, वर आणखी घेतला. मग पिशवीतला उरलेला आंबेमोहोर पुढे ओढला. आई लगबगीने उठली, चूक झाली होती तर ती निस्तरायला. बाईंनी तिच्या दंडाला धरून तिला परत खुर्चीत बसवलं आणि दादाकडे बोट केलं. काहीतरी बोलल्या. दादा ते मराठीत सांगेना. आईने दोनदा विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "त्या म्हणतात, याने करू दे. तिथे आई नसेल."

आईने हात मांडीवर ठेवले. आमच्या घरात दादाने कधी चुलीला हात लावला नव्हता. तिने लावू दिला नव्हता, हे जास्त खरं.

त्याने तांदूळ धुतले, पाण्यात बोट बुडवून पेरावर अंदाज घेतला, पातेलं चढवलं. हे त्याने कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे. मधे त्याचा हात झाकणाकडे गेला तसं आई म्हणाली, उघडू नकोस, आणि नेमक्या त्याच क्षणी बाईंनीही हात वर केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी पातेल्याकडे बघत राहिल्या, भात होईपर्यंत.

दादाने लिंबू घातलं, मी वारा घातला. चटईवर मात्र तो एकदम कारखान्यातला माणूस झाला. भात सगळीकडे सारख्या जाडीचा, काकडी बरोबर मधे, दाब ना कमी ना जास्त. सुरी ओली करून त्याने गोल तुकडे कापले, आणि ते ताटलीत बसले ते बसलेच. बाकीची पोरं टेबलाभोवती गोळा झाली. आई मात्र त्या तुकड्यांकडे बघतच नव्हती, त्याच्या हातांकडे बघत होती.

त्याने पहिला तुकडा तळहातावर घेतला आणि आईपुढे धरला. खा म्हणाला नाही. तिच्या अटी त्याला माहीत होत्या. हात मात्र त्याने मागे घेतला नाही. मी मनात देवाला विनवत होते की हिने निदान नको तरी म्हणू नये.

"हात धुतले होतेस ना?" आईने विचारलं.

त्याने मान हलवली. तिने तो तुकडा उचलून तोंडात टाकला. शेवाळ चिवट होतं, तिला चावायला बराच वेळ लागला. मुलाच्या हातचं तिने खाल्लं ते तेव्हा पहिल्यांदा. घास उतरल्यावर ती म्हणाली, मीठ बरं पडलंय. आणि थोड्या वेळाने, बाईंच्या रोखाने, तिकडे थंडी कितपत असते ते विचार रे यांना.

दादाने प्रश्न लगेच इंग्रजीत विचारला. सोमवारी त्याने होकार दिला.

तो निघेपर्यंत आम्ही चामराजपेटेतच राहिलो. रोज संध्याकाळी तो भात करी आणि आई दारात पाट टाकून बसे, सूचना न देण्याचा प्रयत्न करत. त्याची बोट मद्रासहून होती. त्याला मद्रासच्या गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर गेलो तेव्हा अक्काही आल्या होत्या, केळफुलाची भाजी घेऊन. आईने दादाला आंबेमोहोराची पुरचुंडी दिली, लोकरीचा मफलर दिला. दादा पिशवीत चाचपत राहिला. मग त्याने लहान मुलासारखं विचारलं, "आई, तुपाचा डबा?"

डबा तिच्याच हातात होता, पुन्हा काठोकाठ भरलेला. ती म्हणाली, "नाही देत. सवयीने घालशील भातात, मग तो चिकटायचा नाही. उपाशी राहशील."

गाडी हलली. तो दिसेनासा झाल्यावरही तिने डबा खाली ठेवला नाही. मी तो घ्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, जड नाहीये.