गव्हर्नरच्या बहिणीचा गुलाल

आज खालून निवडणूक जिंकलेल्या कुणाची तरी मिरवणूक गेली आणि गुलालाचा वास खिडकीतून आत आला. बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी मी नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. आमच्या अमेरिकन डॉक्टरबाईंचा थोरला भाऊ तिकडे गव्हर्नरच्या निवडणुकीला उभा होता. गव्हर्नरलाही तिकडे लोकच निवडून देतात, याचंच आम्हाला नवल. एका सकाळी बाईंना अमेरिकेहून ट्रंककॉल आला. कंपाउंडर म्हणाला, "आला निवडून! हरल्याचं सांगायला एवढा खर्च कोन करील?" आम्हालाही ते पटलं. बाई ऑफिसातून बाहेर आल्या तसा त्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांवर मूठभर गुलाल उधळला. बाई जागीच थांबल्या. "तो हरला," एवढंच म्हणाल्या आणि तशाच जाऊन पेशंट तपासायला बसल्या. गुलाल त्यांनी झटकला नाही, मीही पुसला नाही. खेड्यातून आलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "बाई, कोन आलं वो निवडून?" तिच्या नाडीवरचा हात न काढता बाई म्हणाल्या, "माझा भाऊ." म्हातारीनं बाईंच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तिचे हात लाल झाले होते. मी पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्ता मी खिडकी लावून घेतली, तर वास आतच राहिला.