वसुताईचा काळा स्क्रीन

आमच्या सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये एकदा महिनाभर एक परका पुरुष राहायला होता आणि सकाळ-संध्याकाळ तो माझ्या मोठ्या बहिणीशी इंग्रजीत बोलत असे. तो बोलू लागला की आई डोक्यावर पदर घेई. (तो पुरुष म्हणजे पावाच्या लादीएवढा एक डबा आहे, हे तिला चार वेळा सांगून झालं होतं. "डबा असो की कोणी, आवाज तं माणसाचाच हाये ना," हे तिचं उत्तर.)

वसुताई कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागात टायपिस्ट होती. दोन वर्षांत तिची नजर हळूहळू गेली, आणि ऑफिसने मोठ्या मायेने तिला खिडकीजवळ एक खुर्ची दिली. काम काही नाही. "बैठिए मॅडम, आराम कीजिए." ताई घरी येऊन म्हणायची, "आठ तास आराम करून माणूस थकून जाते रे मधू."

मग नागपूरच्या अंधांच्या एका संस्थेत जाऊन ती कॉम्प्युटर शिकून आली. येताना महिन्याच्या बोलीवर एक छोटा कॉम्प्युटर आणि हा डबा घेऊन आली. माउस वगैरे भानगड तेव्हा आमच्याकडे पोचायची होती. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं, बस. दाबलेलं अक्षर, लिहिलेली ओळ, जे असेल ते डबा वाचून दाखवायचा.

तिचे साहेब, मिश्राजी, भले माणूस. ते म्हणाले, रविवारी घरी येतो, एक पत्र सांगतो. तुम्ही एकट्याने लिहून, दुरुस्त करून दाखवलं तर तसं वर लिहून देतो आणि तुमचं टेबल परत. नाही जमलं, तर मग ती खिडकीजवळची खुर्ची आहेच.

रविवारची सगळी तांत्रिक जबाबदारी मी माझ्याकडे घेतली. कोणी दिली नव्हती. माझा कॉम्प्युटरचा अनुभव म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून, स्क्रीन लावून, डब्याकडून "गुड मॉर्निंग" म्हणवून घेणं. शेजारी गेले की मीही जायचो. ताईला काम करताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

मिश्राजी दहाला आले. स्कूटर लावली, पाणी प्याले, खिशातून कागद काढून सांगू लागले. ताईने कानाला हेडफोन लावला (दोन पुरुष एकाच वेळी इंग्रजीत बोलले तर कोणाचं ऐकायचं?) आणि तिची बोटं चालू लागली. मी मागे अभिमानाने उभा. पाचेक मिनिटांनी माझी नजर स्क्रीनवर गेली.

स्क्रीन काळा. एक अक्षर नाही. डबाही चूप.

बिचारी बंद मशीनवर टाइप करून राहिली! आणि साहेब कागदात डोकं घालून सांगतच सुटलेले. त्यांनी मान वर करायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मी भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखा सरकत, बोर्डापर्यंत पोचलो आणि हळूच बटण दाबलं.

कॉम्प्युटरची घरघर थांबली. ती आतापर्यंत चालू होती, हे मला ती थांबल्यावर कळलं.

ताईची बोटंही थांबली. "मधू, काय केलं तू?"

"मी? काही नाही. लाइट गेली ताई."

"पंखा तं फिरून राहिला."

मी वर पाहिलं. पंखा माझ्या इभ्रतीवर गरगर फिरत होता. "एखादा फेज गेला असल," मी म्हणालो.

मिश्राजींनी चष्मा काढला. पंचवीस वर्षं वीज सांभाळलेला माणूस. "इस क्वार्टर में फेज एक ही आता है," ते शांतपणे म्हणाले.

मी घाईने बटण पुन्हा दाबलं. घरघर आली, पण स्क्रीन काळाच. म्हणजे सुरू झालंच नाही! म्हणून पुन्हा दाबलं. घरघर गेली.

"मधू, बोर्डापासून दूर हो. अन् हात खिशात घाल."

"पण ताई, स्क्रीन काळा हाये..."

"मीच बंद ठेवते त्याले. मले काय पाहायचं हाये त्यात? उगाच खोली तापते."

तेवढ्यात चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "मले तं पहिल्या दिवसापासून माहीत हाये."

आता माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: खिडकीजवळची खुर्ची, आणि त्या खुर्चीत ताईला बसवणारा तिचा सख्खा भाऊ. प्रायश्चित्त म्हणून मी स्क्रीन लावला, मशीन लावलं आणि "वायर ढिली असल" म्हणून मागे हात घालून एक वायर घट्ट केली. ती निघाली. डब्याची होती.

"डबा बोलून नाही राहिला," ताई म्हणाली. "आता तूच वाच."

तिने सवयीने कळा दाबल्या आणि पत्र उघडलं. तोवर सांगितलेलं अख्खं पत्र, शेवटच्या दोन ओळी सोडून! मी ओरडलोच, "ताई, हे गेलं नाही?"

"तुझ्यासोबत एका घरात राहते ना मी. दर परिच्छेदाले सेव करते. वाच."

"सगळं ठीक दिसते."

"ठीक हाये का नाही ते मी पाहीन. लिहिलं काय हाये ते सांग."

मी वाचू लागलो. तिसऱ्या ओळीत एका शब्दात एक अक्षर जास्तीचं होतं. साहेब शेजारी बसलेले. मी तो शब्द सफाईने बरोबर वाचून पुढे गेलो.

"थांब. तिथं माझी एक चूक हाये. लिहितानाच कानात ऐकली, मागून सुधारणार होते. कावून नाही सांगितली?"

"साहेब बसले हायेत ना..."

"दोन वर्षांपासून तुमी सगळे मले असंच वाचून दाखवून राहिले," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "डबा असा लिहाज नाही करत, चुकलं तं चुकलंच वाचते. म्हणून मले तो पाहिजे."

ती उठली, मशीनच्या मागे हात फिरवला, लोंबती वायर शोधून जागेवर बसवली, मशीन पुन्हा सुरू केलं. हेडफोन काढून ठेवला. डबा मोठ्याने बोलू लागला, आईने पदर घेतला. ताईने ती चूक शोधली, ते अक्षर उडवलं आणि साहेबांकडे तोंड करून म्हणाली, "सर, आगे बोलिए."

वीस मिनिटांत पत्र पूर्ण झालं. मिश्राजींनी मधलीच एखादी ओळ मागावी, डब्याने ती वाचावी, ताईने हवा तो शब्द बदलावा. त्यांनी स्क्रीनवर चार वेळा शोधूनही चूक सापडली नाही. मी या सगळ्या वेळात हात खिशात घालून उभा होतो. आईने दिलेला चहाही मी घेतला नाही, कप धरायला हात बाहेर काढावा लागला असता.

साहेबांनी तिथेच कागद मागितला आणि शेरा लिहिला. मी खांद्यावरून वाकून वाचला, आणि या वेळी एकही अक्षर न गाळता ताईला जसाच्या तसा सांगितला. मराठीत सांगायचं तर तो असा होता: 'या बाई कोणाच्याही मदतीशिवाय काम करू शकतात.' त्याखाली क्षणभर थांबून त्यांनी आणखी एक ओळ घातली होती: 'मदत होत असतानाही करू शकतात, हे मी स्वतः पाहिले आहे.'