डॉक्टरांच्या शेजारची कबर

सब्जाचा वास आला की मला भिवंडीचं कब्रस्तान आठवतं, कारण तिथे कबरींवर सब्जाच लावतात. माझ्या मित्राचे वडील डॉक्टर होते, सगळ्या गावाचे लाडके. त्यांच्या दफनाला मी जवळच्या शेलार गावाहून गेलो होतो. उन्हं उतरली होती, भिंतीपलीकडे कापडाचे लूम खडखडत होते आणि मित्र खणलेल्या कबरीपाशी अडून उभा होता. शेजारची कबर एका दादाची होती. एके काळी त्याच्या नुसत्या नावाने बाजार बंद व्हायचा. "अब्बांना ह्याच्या बाजूला ठेवणार नाय," मित्र म्हणाला. दुसरी जागा नव्हती. जनाजा थांबला. बायका आत येत नाहीत, म्हणून त्याची आई फाटकाबाहेर रिक्षात बसली होती. तिला विचारायला मला पाठवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "त्याला सांग, तू पुण्याला शिकत होतास तेव्हा तो दादा आपल्याच दवाखान्यात मरत पडला होता. त्याला बघायला कोणी येत नव्हतं. दवाखाना आटपला की अब्बा त्याच्याजवळ जाऊन बसायचे. आता बसले तर काय बिघडलं?" मी परत जाऊन तेच शब्द सांगितले. मित्र पुढे झाला. मग स्वतःच कबरीत उतरला आणि वडिलांना घ्यायला त्याने दोन्ही हात वर केले. त्या फाटकावरून मी अजून येतो-जातो. लोक आत बोट दाखवून दादाचे किस्से सांगतात. मला मात्र त्या दोन कबरी डॉक्टर आणि पेशंटच्याच वाटतात.