हवालदाराला पळू देऊ नका

घरात शिरले की काका माणसांकडे नंतर पाहायचे, आधी पाण्याकडे. आपण "या काका, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी ड्रमचं झाकण उचललेलं असायचं. ओगराळं आत जायचं, भरून बाहेर यायचं, आणि त्यातल्या अळ्या दिसतील असं ते उजेडात धरून काका रस्त्याकडे तोंड करून ओरडायचे, "या हो, पाहा हो, यायच्या घरी बाळंतपन झालं. डासाचं." मग ड्रमला खांदा लावायचे. "पलटवा."

आता आमच्या मोताळ्यात नळ नक्की कधी येतो हे जो सांगेल, त्याला मी माझे सगळ्यात मोठे स्पीकर फुकट देऊन टाकीन. आठवडा उलटतो, कधी त्याच्यावरही दिवस जातात. म्हणून नळ आला की बायका दिसेल ते भरतात. ड्रम, पिंप, बादल्या, घागरी; एका घरी तर मी कुकर भरून त्याला शिट्टी लावून ठेवलेली पाहिली आहे. असं जपलेलं पाणी हा माणूस मोरीत ओतायचा आणि वर बजावायचा, "लाज लावल्याबिगर झाकन लागत नाही."

हिवताप विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. या तालुक्यात ज्याच्या बोटाला काकांनी टोचलं नाही असा माणूस नाही. झोपलेल्याला टोचलं, जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला टोचलं, एका नवरदेवाचं रक्त तर म्हणे अंतरपाटाआडून घेतलं. एक चोर काकांनी पळताना धरला, काचेवर रक्त घेतलं आणि सोडून दिला, कारण पुढचं काम त्यांच्या खात्याचं नव्हतं. नोकरी संपली, पण काका संपले नाहीत. सायकल घेऊन रोज गल्लीत हजर.

माझ्या बायकोचं आणि त्यांचं तर उघड वैर. ती म्हणायची, "काका, पानी काय तुम्ही आनून देता?"

"नाही पलटवत, सूनबाई. राहू दे. बारशाले बोलाव मंग."

गल्ली हसायची. ज्याच्या दारात ओगराळं धरलेलं असेल तो सोडून सगळी गल्ली हसायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दुसऱ्या कोणाची पाळी असायची. तुमच्याही गल्लीत असा एक असेलच. तो दारात दिसला की आपण मागच्या दाराने सटकतो, आणि चार दिवस दिसला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

माझी ओळख सांगायची राहिली. माझा धंदा मंडप आणि साऊंडचा. माझे बॉक्स मोताळ्यात वाजले की चिखलीच्या बाजारात तुरीच्या शेंगा आपोआप फुटतात. हे खोटं आहे म्हणणारा माणूस त्या दिवशी चिखलीत हजर नव्हता, एवढंच मी म्हणेन.

काकू वारल्या, मुलगा पुण्याला. मग काकांच्या घरी हवालदार आला. आला म्हणजे त्यांच्या सायकलीमागे चालत आला आणि राहिला. तांबूस रंगाचं, गावठी, उंच कुत्रं. नाव काकांनीच ठेवलं, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण अडवायचा आणि भाकरीचा तुकडा टाकला की वाट सोडायचा. पळायला असा, की बुलढाण्याची एसटी तो रोज फाट्यापर्यंत पोचवून यायचा. एकदा गाडी वाटेत बंद पडली, तर हा तसाच पुढे गेला, आणि बुलढाण्याच्या स्टँडवर म्हणे गाडी वेळेत आल्याची नोंद याच्यावरून झाली.

काका दिवसभर गल्लीवर ओरडायचे आणि संध्याकाळी ओट्यावर बसून हवालदाराशी हळू बोलायचे. काय बोलायचे ते कोणाला कळलं नाही. कुत्र्याला मात्र कळत असावं. तो मान हलवायचा.

मग हवालदार खोकायला लागला. अगदी म्हाताऱ्या माणसासारखा, थांबून, दम घेऊन. गल्लीत निदानाला तोटा नाही. कोणी म्हणालं हाड अडकलं, कोणी म्हणालं थंडी बाधली, मी म्हणालो काकाच्या बिड्या चोरून ओढते. एसटी निघाली तरी तो नुसता उभा राहून पाहायला लागला, तेव्हा काकांनी ऑटो केला आणि त्याला अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

परत आले ते दुसरेच काका.

हवालदाराला साखळी लागली. दार बंद. सकाळ-संध्याकाळ काका त्याला दोन्ही हातांवर उचलायचे, सोयाबीनच्या पोत्याएवढं ते धूड, आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवायचे. त्याचं झालं की परत उचलून आत. कोणी हाक मारली तर तोंडावर बोट. कुत्र्याला पाऊल म्हणून टाकू द्यायचे नाहीत.

"काय झालं हो काका?"

"पाय मुरगळला."

"कोनता?"

"पुढचा."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तेलीणबाईला त्यांनी मागचा सांगितला. तिसऱ्याला डावा. आम्ही जुळवून पाहिलं, तेव्हा हवालदाराचे चारही पाय आळीपाळीने मुरगळून झाले होते. मी ओट्यावरून विचारलं, "काका, पालखी करू का? माह्याकडे मंडपाचे बांबू हायेत." गल्ली हसली. काका खाली पाहत आत गेले.

आणि ते घरोघरी यायचे बंद झाले. आधी बायकांना सण वाटला. झाकणं उडाली. कोणी ड्रमच्या तोंडावर फडकी वाळत घातली. आमच्या ड्रमचं झाकण माझ्या बायकोने पापड वाळवायला गच्चीवर नेलं. काका समोरून जायचे, उघडा ड्रम त्यांना दिसायचा, आणि ते असं पाहायचे जणू उघडे तेच पडलेत.

उन्हाळ्यात माझ्या भाच्याचं लग्न निघालं. नवरदेव आमच्या घरून निघणार, घोड्यावर, गल्लीतून मारुतीपर्यंत. मामाच साऊंडवाला म्हटल्यावर तुम्ही समजून घ्या. होते नव्हते ते सगळे बॉक्स मी गाडीवर चढवले. पाखरांनी आदल्या दिवशीच तालुका बदलला होता.

सकाळी काका मांडवात आले. पाहुणे चहा पीत होते.

"आवाज जरा कमी ठेवता येईन का? माह्या घरापासून पुढं जाईपर्यंत."

"काऊन काका?"

"हवालदाराचा पाय दुखते."

मी पाहुण्यांकडे पाहिलं, आणि त्यांनी माझ्याकडे. माणूस चार लोकांत असला की जीभ त्याची राहत नाही. मी म्हटलं, "पायाले काय कान असते का काका?"

मांडव हसला. असा हसला की कनात हलली. काका थोडा वेळ उभे राहिले, जणू आणखी काही विचारलं जाईल म्हणून. मग गेले.

मी आवाज तपासायला एक ठोका सोडला. एकच. त्याच्यामागून काकांच्या घरातून साखळीचा खळखळाट आला, भुंकणं आलं, काहीतरी पडलं, आणि मग खोकला. तो थांबेचना. पाहुण्यांतले काही त्यालाही हसले.

काका परत आले. अनवाणी. या वेळी ते माझ्याकडे आले नाहीत, सरळ मांडवाच्या मधोमध उभे राहिले, जिथून ते सगळ्यांना दिसतील. 

"पाय बिय काही मुरगळला नाही," ते म्हणाले. "माह्या कुत्र्याच्या काळजात किडे झाले. शेवयायसारखे, लांब. डास चावल्यानं होते ते. डास. माह्या घरी. औषध चालू हाये. किडे मरून राह्यले, त्यायचे तुकडे फुप्फुसात जाते. अशात ते पळालं, उसळलं, दचकलं, तर तिथंच मरते. मी लिंबाखाली त्याच्यासाठी टाकं बांधलं होतं. सगळ्यायचं पलटवलं. ते नाही पलटवलं, त्याच्या वाट्याचं पानी म्हनून. वरून भरत राह्यलो. आता मी सांगतलं. हसायचं असन तं हसा. पन आवाज न करता हसा."

कोणी हसलं नाही. चहाचे कप ठेवायलासुद्धा लोक घाबरले. माझी बायको, जिच्या ड्रमाला त्या खांद्याचे पोचे आहेत, ती स्वयंपाकातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "ते बंद करा."

बुलढाणा जिल्ह्यात एवढं मुकं लग्न झालं नसेल. साऊंडच्या गाडीचं इंजिन बंद करून आम्ही ती ढकलत नेली. भाच्याला घोड्यावरून उतरवलं, कारण घोड्याच्या नालांचा भरवसा नव्हता. वऱ्हाडणींनी बांगड्या धरून ठेवल्या. समोरून आलेल्या एकाने टोपी काढली. त्याला वाटलं भलतंच काही चाललंय. काकांच्या दारावरून आम्ही सगळे पायाच्या बोटांवर गेलो. दार लावलेलं होतं आणि आतून काही आवाज नव्हता. तो नसणं बरं की वाईट हे कोणाला ठरवता येत नव्हतं, म्हणून मारुतीपाशी पोचल्यावरही कोणी मला बटण दाबा म्हणालं नाही.

हवालदार त्या दिवशी वाचला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. काका जमिनीवर बसले होते, कुत्र्याच्या पोटावर हात ठेवून, श्वास मोजत. त्यांनी मला बस म्हटलं आणि हळू आवाजात सांगायला लागले.

"डॉक्टरनं त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर घेतला. मले म्हने, पाहा दुर्बिनीतून. अरे, मी जिंदगीभर रक्त घेतलं, काचा पाठवल्या. आत काय दिसते ते कधी पाह्यलं नाही. ते आमचं काम नव्हतं. पह्यल्यांदा पाह्यलं, तं हवालदाराचं रक्त. वळवळत होतं."

"काका, डास कुठलाबी असू शकते."

"डॉक्टरबी तेच म्हने. फाट्यावरचा असन, स्टँडवरचा असन." मग कुत्र्याकडे पाहत म्हणाले, "मी लोकायले असं म्हनू देत होतो का?"

नव्हते देत, हे मला चांगलं माहीत होतं.

मी घरी आलो. बायको ड्रमपाशी ओगराळं घेऊन उभी होती. त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरात कोणीतरी तसंच उभं होतं, दार लोटून. आमच्या ड्रमात काय निघालं ते मी सांगणार नाही. ते पोहत होतं एवढंच सांगतो. बायकोने ड्रम पलटवला तो आवाज होऊ नये म्हणून हळूहळू, कडेकडेने. संध्याकाळी मोरीचं पाणी गल्लीभर वाहिलं. नळ तर आलाच नव्हता. सगळ्यांनी ते पाणी ओलांडलं आणि कोणी कोणाला विचारलं नाही.

एकाने जरी जाऊन सांगितलं असतं, की काका, आमच्याकडेही अळ्या होत्या, तर त्या माणसाची मान वर झाली असती. मला वाटलं तेलीणबाई सांगेल. तिला वाटलं मी सांगेन, बोलण्यात माझा हात धरणारा कोणी नाही म्हणून. मी या गल्लीत न घडलेल्या हजार गोष्टी सांगितल्या आहेत. ही घडलेली होती आणि एका वाक्याची होती.

त्याऐवजी आम्ही गप्प राहून दाखवलं. भाजीवाली गल्लीच्या तोंडाशी ओरडणं थांबवून दारोदार कानात मेथी सांगायची. पोरांनी क्रिकेट पलीकडच्या आळीत नेलं. माझ्या बायकोने कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद करायला शिकून घेतलं, आणि तो सगळा उन्हाळा मी कच्ची डाळ खाल्ली. काका समोर आले की सगळे कुत्र्याची चौकशी करायचे. "कसा हाये हवालदार?" ते म्हणायचे, "हाये." आम्हाला वाटायचं, केवढे चांगले आहोत आपण.

पावसाळा सरला तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं, आता सोडा. काकांनी साखळी काढली. हवालदार अंगणात गोल गोल पळाला, लिंबाला धडकला, परत पळाला. सगळी गल्ली पाहायला आली. मी त्याच आनंदात म्हटलं, "काका, चला, आमचा ड्रम पाहून द्या. लई दिवस झाले."

"झाकन ठेवत जा," ते म्हणाले.

"तुम्ही पाहा तं खरं."

"मी कायले पाहू कोनाचं." एवढं बोलून ते साखळी गुंडाळायला लागले.

दिवाळीनंतर त्यांनी घर आवरलं. बहीण पिंपळगाव राजाला असते, शेतात घर आहे, कुत्र्याला मोकळं राहील म्हणाले. सामान थोडंच होतं, एका छोट्या टेम्पोत मावलं. काका ड्रायव्हरशेजारी बसले, हवालदार दोघांच्या मधे, खिडकीतून मान बाहेर. आणि तो भुंकायला लागला. एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं. ओट्यावरच्या एकेकाचं नाव घेतल्यासारखा भुंकत होता, आणि काका त्याला गप्प करत नव्हते.

गाडी माझ्या दारापाशी हळू झाली. मी ओट्यावरून उतरून खिडकीपाशी गेलो. बायको मागे उभी होती; तिने मला कोपराने पुढे ढकललं. मी म्हणालो, "काका, आमच्याही ड्रमात अळ्या होत्या." म्हणालो खरा, पण त्या भुंकण्यात माझं मलाच ऐकू आलं नाही.

काकांनी कानामागे हात धरला. "काय म्हनतं? मोठ्यानं सांग."

गल्ली ओट्यावर उभी होती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"काही नाही काका," मी मोठ्याने म्हणालो. "म्हटलं, सांभाळून जा."