जिजीचं नेलपॉलिश

बेलापुरात सगळ्यांत जास्त नेलपॉलिश जिजी विकत घ्यायची आणि तिच्या एकाही नखाला कधी रंग दिसला नाही. तांब्याचा पातळ थर असलेल्या प्लेटवर ती त्या लाल रंगाने सर्किटच्या रेघा काढायची. नवऱ्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात त्याच्या शेजारी बसून ती हे शिकली. तो गेल्यावर दुकान तिनेच चालवलं.

रेघ ती काटकोनात कधी वळवायची नाही. "वीज काय कवायतीला निघालीय व्हय? फिरू द्या तिला निवांत," म्हणायची. मग प्लेट तपकिरी औषधाच्या टबात बुडवून ओट्यावरच्या उन्हात बसायची आणि टब पाळण्यासारखा हलवत राहायची. रंगाखालचं तांबं तेवढं राहायचं, बाकीचं विरघळून जायचं. ते बघता बघता माझे डोळे मिटायचे. दुपार कधी सरली, कळायचं नाही.

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी सिंथेसायझर वाजवायचो. नव्वदच्या दशकातच तो जुना झाला होता, पण त्याच्या आवाजातला ओलसर कंप नव्या कीबोर्डात औषधालाही सापडत नव्हता. एकदा त्याच्या आतली सर्किटची प्लेट जळाली. तशी दुसरी कुठे मिळेना. पार्टीतले म्हणाले, भंगारात घाला. मी तो उचलून जिजीकडे नेला. नेमका तेव्हाच मुलगा तिला कायमचं पुण्याला न्यायला आला होता. "येवढं वाजू दे, मग येते," तिने शब्द दिला. वाजला तर जिजी जाणार, नाही वाजला तर भंगार. माझी पुरती पंचाईत झाली.

पहिली प्लेट बसवून मी पट्टी दाबली. तोच कंप! जिजीने लाकडी कडेवर तळहात ठेवून, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. "न्हाई भाऊ. अजून झोपल्यालं हाय," म्हणाली आणि दुसरी प्लेट करायला घेतली. मग आणखी एक. मला प्रत्येक वेळी आवाज तोच वाटायचा, पण मी कशाला बोलतोय! मुलगा बिचारा यायचा आणि हात हलवत परत जायचा.

पुढे जिजीचा मोतीबिंदू वाढला. एक दिवस तिची रेघ शेजारच्या रेघेला जाऊन चिकटली. जिजीने बाटलीचं झाकण लावलं.

पुण्याला निघताना तिने त्या सगळ्या प्लेटांचं पुडकं माझ्या हातात दिलं. "पयलीच बराबर लागली हुती, भाऊ. ह्या ठिवा. जळंल तशी बदला."

जिजी पुण्यातच वारली. सिंथेसायझर अजून वाजतो. आता बसवलेली प्लेट पुडक्यातली शेवटची आहे. कार्यक्रम संपला की पोरं वायरी काढायला येतात. मी म्हणतो, थांबा रे, अजून एक गाणं होऊ द्या.