मास्तरकीचं टेबल

धुकं असं दाट पडलं होतं की समोरच्या इमारतीचा जिना कुणी पुसून टाकलाय की काय, असं वाटावं. अशा दमट सकाळी कापड हट्टाला पेटतं. खडूची रेघ उमटत नाही, उमटलीच तर पसरते. थरावर थर अंथरत जावं आणि खालचा गप्प पडून राहील म्हणावं, तर तो वरच्याचा पदर धरून सरकतो. कारखान्याच्या लांबलचक टेबलाशी वहिनी वाकून उभी होती. दोन्ही तळहातांनी सुरकुती कडेपर्यंत रेटत होती आणि तोंडातल्या तोंडात कापडाच्या सात पिढ्या उद्धरत होती.

तिला सगळे वहिनीच म्हणत. तिचा नवरा याच टेबलावर कटिंग मास्तर होता. तो गेला आणि कात्री तिच्या हातात आली. कापायची ती, पण पगार मदतनिसाचा. मालकाने तोंड भरून सांगितलं होतं, "टेबल तुम्हालाच देणार." त्या भरवशावर तिने उभ्या उभ्या पायांच्या शिरा फुगवून घेतल्या होत्या.

"वहिनी, हात चालवा जरा," मशीनवरून काडेपेटी ओरडला. हा सगळ्यांत जुना कारागीर. घासायच्या आधीच पेटायचा, म्हणून काडेपेटी. "आमची मशीनं उपाशी बसलीत."

"मशीन उपाशी असेल. तुझं तोंड तर सकाळपासून चरतंय."

काजं-बटणं करणाऱ्या पोरी फिसकन हसल्या. तेवढ्यात मालक आला आणि टेबलाशी घुटमळला. काही वाईट सांगायचं असलं की हा माणूस आधी कापड चाचपतो. त्याने चाचपलं.

"वहिनी, उद्यापासून नवा मास्तर येतोय. तुम्ही त्याच्या हाताखाली राहा."

"आणि टेबल मला देणार होतात ते?"

"देणारच होतो हो. पण तुमच्या सासऱ्यांच्या कानावर घातलं. लहानपणी शाळेत त्यांच्या हातचा मार खाल्लेला माणूस मी. ते म्हणाले, आमच्या घरातली सून मास्तरकी करणार नाही. आता मोठ्यांचा शब्द मोडू कसा?"

वहिनीने कात्री पिशवीत टाकली. कात्री तिची होती, नवऱ्याची. टेबल तेवढं मालकाचं.

"अहो, कापड अंथरलंय! कुठे निघालात?"

"घरी. शब्द मोडायला."

घर मागच्याच गल्लीत, दोन खोल्यांचं. सासरा खिडकीशी बसून चष्मा पुसत होता. जन्मभर त्याने शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. जेवताना भाकरीपेक्षा शब्द जास्त चावायचा, आणि सगळ्यांत जास्त चावायचा तो आपलाच शब्द, मास्तर. मूळ लॅटिन मॅजिस्टर. मॅजिस म्हणजे अधिक. जो चारचौघांहून अधिक, तो मास्तर. त्याच धाटणीने मायनस म्हणजे उणा, आणि उण्यापासून मिनिस्टर. मंत्री उणे आणि आपण अधिक, या आनंदावर म्हाताऱ्याने आयुष्य काढलं होतं. पोरगा शाळा सोडून कात्रीला लागला, आणि चार वर्षांत लोक त्यालाही मास्तर म्हणू लागले. तेव्हापासून बापलेकांत मिठाची देवाणघेवाणसुद्धा वहिनीमार्फत व्हायची.

"मामंजी, मालकाला काय सांगितलंत?"

"योग्य ते सांगितलं. मास्तर हा काय टेपासारखा गळ्यात अडकवायचा शब्द आहे? चिंध्या करणारे कसले अधिक?"

"ते मॅजिस-फिजिस पाठ आहे मला. याच शब्दाचा इंग्रजांनी मिस्टर केला, हेही तुम्हीच सांगितलंत. मी चारचौघींत 'आमचे मिस्टर' म्हणायचे, तेव्हा नाही तुमच्या लॅटिनच्या पोटात दुखलं. मेस्त्रीही त्याच घरचा, दर्यावर्दी गोऱ्यांच्या बोटीतून उतरलेला. म्हणजे भिंत रचणारा चालतो आणि बाही कापणारा चालत नाही?"

"अपभ्रंश आहेत ते!"

"आणि गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढणारा? तोही मास्तरच ना? तो कुणाचा अपभ्रंश? ते मात्र एकदाच बोललात आणि घाईघाईने ताक मागितलंत."

"सूनबाई, जीभ आवर!"

"आवरते. आधी मालकाला फोन करा, म्हणा माझी हरकत नाही."

म्हातारा उठला. चष्मा नसल्याने त्याचे डोळे सोललेल्या कांद्यासारखे दिसत होते. "तुला काय ठाऊक! दार वाजायचं. 'मास्तर आहेत का?' मी उठायचो, सदरा नीट करायचो, दार उघडायचो. आणि समोरचा माझ्या खांद्यावरून आत बघायचा. हातात पँटचं कापड! हजारो पोरं घडवली मी, आणि या गल्लीत माझी ओळख काय, तर मास्तरांचा बाप!"

दार वाजल्यावर म्हाताऱ्याची ती उठण्याची धांदल वहिनीने कितीदा पाहिली होती आणि मनातल्या मनात हसलीही होती. पण आज दया करायला ती रिकामी नव्हती.

"म्हणजे तो गेला तेव्हा हायसं वाटलं म्हणा. शब्द परत मिळाला."

म्हाताऱ्याचा हात वर गेला, तसाच हवेत राहिला.

"चालती हो."

"होतेय. फोन?"

"मेलो तरी नाही करणार."

"नका करू. शब्द घ्या उशाशी आणि झोपा. मला टेबल हवंय."

कारखान्यात मालक टेबलाभोवती फेऱ्या मारत होता. "वहिनी, कापा बघू झटपट. संध्याकाळी माल जायचाय, दवाखान्याचे गाऊन आहेत."

"उद्याचा मास्तर कापेल."

"उद्याचा कशाला? कापड तर अंथरलंय!"

"मी अंथरलंय. दुसऱ्याने अंथरलेल्याला कुठला मास्तर कात्री लावतो? तो आधी सगळे थर उचलणार, पुन्हा अंथरणार, मग कापणार. परवा संध्याकाळपर्यंत गाऊन मिळतील."

मालकाने आशेने काडेपेटीकडे पाहिलं. काडेपेटीला वहिनीचं भलं व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं, पण नगावर मजुरी घेणाऱ्याला मशीन बंद राहिलेलं परवडत नाही. तो खेकसला, "खरं बोलतेय बाई. आतला थर वाकडा निघाला तर नाव कुणाचं जाणार? कोणी नाही लावत हात."

"पण मी शाळेतल्या मास्तरांना, तुमच्या सासऱ्यांना, काय तोंड दाखवू?"

"हेच दाखवा," वहिनी म्हणाली. "त्यांच्या ओळखीचं आहे. दोन्ही गालांवर त्यांचीच बोटं उठलेली आहेत."

मालक पुटपुटला, "बरं. टेबल तुमचं."

"मशीनच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"मशीनं बंद आहेत, वहिनी!"

"मग तर सगळ्यांनाच ऐकू जाईल. म्हणा."

मालकाचा चेहरा लालबुंद झाला. "टेबल वहिनींचं! पगारही मास्तरचा! उद्या कोणी येत नाही!" एवढं ओरडून तो खिशातला फोन उपसत, तणतणत बाहेर गेला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरी माना खाली घालून सुया ओवू लागल्या. काडेपेटी तेवढा टेबलाला रेलून म्हणाला, "मग आता काय म्हणायचं? मास्तरीण?"

"मास्तरीण म्हणजे मास्तरची बायको. ती होऊन झालं. तू वहिनीच म्हण. आणि टेबलाला टेकू नकोस, थर सरकतात."

तो शिवी गिळून मागे झाला. वहिनीने कात्री काढली, पहिल्या रेघेवर टेकवली आणि हात दाबला. दुपार कापण्यात गेली. संध्याकाळी त्याच दोन खोल्यांत, त्याच म्हाताऱ्यापुढे ताट ठेवायचं होतं. तो जेवणार नव्हता, आणि आज ती आग्रह करणार नव्हती.

शेवटचा गठ्ठा बांधून झाला. तिने पदर खोचला, टेबलाखाली वाकली आणि पायाशी साचलेल्या कातरणांच्या ढिगाला झाडू लावला.